काजं, बटणं आणि लेव्हल थ्री

माझी सगळ्यात लाडकी स्लाइड खोटी निघाली, तेव्हा मी तिसऱ्या बाकावर बसून डब्यातली शेवटची पोळी संपवत होते. शनिवारची दुपार, एमबीएचं तिसरं सेमिस्टर, विषय ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट. आमच्या बॅचमध्ये सगळे नोकरी करणारे. त्यामुळे लेक्चर चालू असताना डबा खाल्ला तरी सरांची हरकत नसायची; घोरू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांनी पडद्यावर एक त्रिकोण दाखवला. माणूस वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के, आणि स्वतः केलेलं ९० टक्के. मी ओळखीचं माणूस भेटल्यासारखी हसले. हा त्रिकोण माझ्या इंडक्शनच्या पीपीटीत चौथ्या स्लाइडवर होता. गेली ७ वर्षं दर सोमवारी मी तो नव्या पोरींना दाखवत आले होते, आणि मग त्यांना पुढचे ४ तास नुसतं ऐकायला बसवत होते. यातला विनोद तोवर मला कधी दिसला नव्हता.

"हे कुणी शोधून काढलं?" सरांनी विचारलं. मागून कुणीतरी म्हणालं, एडगर डेल. सर म्हणाले, डेलने १९४६ साली शंकू काढला हे खरं, पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. कुठलं साधन प्रत्यक्ष अनुभवाच्या जवळचं आणि कुठलं नुसत्या शब्दांचं, एवढंच त्याला दाखवायचं होतं. टक्के नंतर कुणीतरी चिकटवले. "आणि इतके गोल आकडे निसर्गात सापडत नाहीत," सर म्हणाले. "ते फक्त पीपीटीत सापडतात."

वर्ग हसला. मी पोळी गिळली.

मी चाकणच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. आम्ही वायर हार्नेस बनवतो, म्हणजे गाडीच्या पोटात वायरींचं जे जाळं फिरत असतं ते. आधी बीकॉम, मग डीएलएल, म्हणजे कामगार कायद्यांची पदविका, मग १२ वर्षं पगारपत्रकं, कँटीन, बसचे रूट, भांडणं. त्यातच कधीतरी 'ट्रेनिंगचंही तूच बघ' म्हणत तेही गळ्यात पडलं. एमबीए कशासाठी, असं प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं तेव्हा मी 'नॉलेजसाठी' असं ठोकून दिलं. खरं कारण हे की आमच्याकडे एका पदाच्या पुढे सरकायचं तर डिग्री लागते. त्यामुळे या विषयाकडून मला फारशी अपेक्षा नव्हती. रोज जे काम करतो त्याच्या व्याख्या पाठ करायच्या, प्रशिक्षण आणि विकास यांतला फरक लिहायचा, पाच मार्क घ्यायचे. फरक तसा सोपा आहे: प्रशिक्षण आजच्या कामासाठी, विकास उद्याच्या. परीक्षेत मी तो दीड पान लिहिला.

पण काही गोष्टी डोक्यातून जाईनात. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाची गोष्ट त्यातली एक. १८८५ साली त्याने स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं, आणि त्यातल्या प्रयोगांसाठी माणूस एकच, तो स्वतः. अर्थ नसलेली अक्षरं तो घोकायचा आणि ठरावीक वेळाने पुन्हा घोकून बघायचा. दुसऱ्यांदा पाठ करायला किती कमी वेळ लागला, तेवढं डोक्यात उरलं असं धरायचं. या हिशोबाने वीसेक मिनिटांनी साधारण ५८ टक्के उरलं, तासाभराने ४४, आणि दुसऱ्या दिवशी ३४ च्या आसपास. हे आकडे गोल नाहीत हे माझ्या लगेच लक्षात आलं. माझ्या इंडक्शनमधलं एबिंगहाउसच्या हिशोबाने जेवणाच्या सुट्टीपर्यंत किती उरत असेल, ते मी काढून बघितलं नाही. (जेवणाआधीचा तास अग्निसुरक्षेचा असतो, हे मात्र आठवलं.)

आणि मग आला कर्कपॅट्रिक. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ साली एका नियतकालिकात लेखमाला सुरू केली, आणि तेव्हापासून जगभरचं एचआर त्याच्या चार पायऱ्या, म्हणजे लेव्हल, चढतं आहे. म्हणजे चढायला सुरुवात करतं. पहिली पायरी, लोकांना ट्रेनिंग आवडलं का. दुसरी, काही शिकले का. तिसरी, शिकलेलं कामात उतरलं का. चौथी, त्यामुळे धंद्यात काही फरक पडला का. सर सांगत होते की बहुतेक कंपन्या पहिल्या पायरीवरच चटई टाकून बसतात, आणि मला आमच्या स्टोअरमधलं कपाट दिसत होतं. त्यात पहिल्या पायरीचे फॉर्म बॉक्स फायलींमध्ये लावलेले आहेत. 'प्रशिक्षण कसे वाटले?' १ ते ५ आकडे, आणि खाली 'सूचना' म्हणून दोन ओळी. पोरी बस सुटायच्या आधी ते भरतात, सगळीकडे ५ ला गोल करतात, सूचनेत 'छान' लिहितात.

तिसऱ्या पायरीचाही रकाना आमच्याकडे आहे. नसून चालत नाही. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या ७.२ कलमात माणसाला काम येतंय याची खात्री करा असं म्हटलेलं आहे, आणि त्यासाठी जे काही केलं त्याचा उपयोग झाला का तेही तपासा, त्याची नोंद ठेवा. वाक्य शहाणं आहे. आम्ही त्याचा रकाना केला: 'परिणामकारक: होय / नाही'. तीन महिन्यांनी सुपरवायझरने त्यात खूण करायची. प्रत्यक्षात ऑडिटच्या आदल्या आठवड्यात मी फायलींचा गठ्ठा घेऊन लाइनवर जाते, आणि सुपरवायझर एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने दीडशे वेळा 'होय' वर टिक करतो. एकदा मी त्याला मधून मधून पेन बदलायला सांगितलं. हे लिहिताना लाज वाटते, पण सांगितलं होतं.

मी त्या वेळी माझ्या हुशारीवर खूश होते, हेही सांगायला हवं.

त्या विषयातलं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं प्रकरण परीक्षेत आलंच नाही. सरांनी ते बाजूला म्हणून सांगितलं, जेमतेम पंधरा मिनिटं. जीन लेव्ह नावाच्या मानवशास्त्रज्ञ बाई सत्तरच्या दशकात आफ्रिकेत, लायबेरियात जाऊन राहिल्या आणि तिथल्या शिंप्यांकडे पोरं काम कशी शिकतात ते बघत बसल्या. त्यांना दिसलं ते असं. पोर दुकानात आलं की त्याला कपडा शिवायला देत नाहीत, कापायला तर नाहीच. आधी बटणं लावायची, कडा दुमडून हाताने शिवायच्या. म्हणजे कपड्याचं सगळ्यात शेवटचं काम पोराला सगळ्यात आधी. मग मशीनवर शिवण. कापणं सगळ्यात शेवटी. कपड्यांचाही क्रम ठरलेला: आधी टोप्या आणि लहान मुलांच्या चड्ड्या, मग मोठ्यांचे कपडे, आणि अगदी शेवटी सूट. कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने पोरगं तयार होतं. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली या निरीक्षणांवर शिकण्याचा एक अख्खा सिद्धांत उभा केला.

सर पुढच्या स्लाइडवर गेले. मी कऱ्हाडला गेले.

बाबांचं कऱ्हाडच्या बाजारपेठेत टेलरिंगचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, दोन पायमशिनी, कटिंगचं लांब टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं पोतं. मी शाळेतून येऊन त्या पोत्यावर बसून अभ्यास करायची. दुकानात कायम दोन-तीन पोरं शिकायला असत, दहावी नापास झालेली, कुणाच्या तरी ओळखीने आलेली. बाबांना ती मास्तर म्हणत. नवं पोरगं आलं की बाबा त्याच्याशी फार बोलत नसत. तयार शर्टांचा ढीग पुढे सरकवायचे, त्यावर सुईदोरा आणि बोटात घालायचं अंगुस्तान. काजं आणि बटणं. चार-सहा महिने काजं, बटणं, तुरपाई, लोंबणारे दोरे तोडणं आणि इस्त्री. मग उशांच्या खोळी, परकर, नाडीच्या चड्ड्या. मग पायजमा. शर्टाचा खिसा पायजम्यानंतर, कफ त्यानंतर, कॉलर फार नंतर. लायबेरियात शेवटचा मान सुटाला असेल. आमच्या बाजारपेठेत ९० च्या दशकात तो सफारीला होता.

काज कसं होतं ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: कापडावर खडूने बटणाएवढी रेघ मारायची, ब्लेडने तेवढीच चीर द्यायची, आणि त्या चिरेच्या कडेने दोरा असा टाकत जायचं की प्रत्येक टाक्याला एक बारीक गाठ कडेवर बसेल. गाठी एकमेकीला चिकटून हव्यात. त्यांच्यात फट राहिली तर दोन धुण्यांत काज उसवतं, एकीवर एक चढली तर बटण जाताना अडतं. शर्टाला सहा-सात काजं. पोरगं दिवसभर वाकून तेच करायचं. बाबा संध्याकाळी शर्ट उचलायचे, उलटा करायचे आणि आतून काज बघायचे. बाहेरून ते कधी बघायचे नाहीत. पसंत नसेल तर न बोलता ब्लेड पोरापुढे ठेवायचे. उसव.

हे सगळं माझ्या दृष्टीने पोरांचा छळ होता. येणाऱ्या प्रत्येक पोराला मशीनवर बसायची घाई असायची, आणि बाबा बसू देत नसत. 'अजून हात बसला नाही,' एवढंच म्हणत. आता वर्गात बसून मला कळत होतं की त्या ढिगात एक अभ्यासक्रम होता. बटण चुकलं तर दोरा तोडून पुन्हा लावता येतं, गिऱ्हाइकाचं काही जात नाही. कापण्यात चूक झाली तर सव्वादोन मीटर कापड गेलं आणि गिऱ्हाईकही गेलं. म्हणून जिथे चूक स्वस्त तिथून सुरुवात. दुसरं म्हणजे, शंभर तयार शर्ट हाताखालून गेले की पोराला शर्ट म्हणजे काय ते न सांगता समजायचं. कुठली पट्टी कुणावर येते, कफाची दोन टोकं कुठे भेटतात, कॉलरची टोकं किती खाली उतरली की मास्तर शिवी देतात. पुढे ते मशीनवर बसायचं तेव्हा आपण काय बनवतोय ते त्याला ठाऊक असायचं. माझ्या इंडक्शनमध्ये बाराव्या स्लाइडपर्यंत हार्नेसचा फोटोसुद्धा येत नाही. त्याआधी कंपनीचं व्हिजन येतं.

आता बाबांच्या दुकानाची आरती करत बसायची नाही. पोरांना टपल्या बसत, कधी कधी फूटपट्टीही. पहिलं वर्ष-दीड वर्ष पगार नव्हता; वडापाव, चहा आणि दिवाळीला एक शर्ट, तोही त्यांनीच काजं केलेला. आणि कटिंग. कटिंग बाबा शिकवायचेच नाहीत. सकाळी पोरं यायच्या आत कापून ठेवायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "शिकवलं की जातंय ते." एक पोरगा खिडकीतून बघून बघून शिकला, आणि त्याने बरोबर आमच्या समोरच्या गाळ्यात दुकान टाकलं. त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरात त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली नेमकं हेच गणित मांडलं, आणि त्याला पुढे नोबेल मिळालं. जे कौशल्य कुठल्याही दुकानात चालतं, ते शिकवायचा खर्च मालक कशाला करेल? पोरगं शिकून समोर जाणार. म्हणून असल्या शिक्षणाची किंमत शिकणारा स्वतः मोजतो, कमी पगारात राबून. जे कौशल्य फक्त याच कारखान्यात उपयोगी पडतं, त्यावर मात्र मालक पैसे घालतो. सर आलेख काढून समजावत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे समोरच्या गाळ्याची पाटी होती.

आमच्या चाकणच्या शॉपवर हे गणित आणखी पुढे गेलं आहे. तिथे 'ट्रेनी' या शब्दाचा शिकण्याशी फारसा संबंध उरलेला नाही. ट्रेनी म्हणजे पगाराचा एक प्रकार. पोरगी येते, दोन दिवस माझी पीपीटी बघते, तिसऱ्या दिवशी लाइनवर उभी राहते, पूर्ण टार्गेट काढते, आणि काही महिन्यांनी तिला 'ब्रेक' मिळतो, म्हणजे काम सुटतं. मग ती शेजारच्या कंपनीत ट्रेनी होते, आणि तिकडची आमच्याकडे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात, कलम १८ मध्ये, स्पष्ट म्हटलं आहे की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. डीएलएलला मी हे कलम पाठ केलं होतं. कायद्याच्या डोक्यात बहुधा हे होतं की शिकणाऱ्याला शिकू द्या, त्याच्याकडून कामगाराचं काम उपसून घेऊ नका. आमच्या पोरी त्या कायद्याखाली नोंदलेल्यासुद्धा नाहीत, पण अर्थ मात्र आम्ही तोच उचलला, आणि उलटा. कामगार नाही ना? मग कामगाराचं काहीच द्यायला नको. आपल्या भाषेत शिकाऊ माणसाला उमेदवार म्हणतात, म्हणजे उमेद धरून असलेला. निवडणुकीला उभा राहणारा तोही उमेदवार, आणि कलम १८ मधला तोही. दोघांपैकी निदान एकाला तरी मुदत संपल्यावर काय होणार ते आधीच माहीत असतं.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी प्रोजेक्टचा विषय ठरवला: आमच्या इंडक्शनचं तिसऱ्या पायरीवरचं मूल्यमापन. माझ्या वरिष्ठांनी कपाळाला आठी घातली. "लेव्हल वन कर ना, डेटा तयारच आहे." डेटा तयार होता हे खरं. सगळा पाचचा.

लाइनवर एक काकू आहेत, खेडजवळच्या गावातून बसने येतात. परमनंट असलेल्या मोजक्या बायकांपैकी एक. त्यांच्या टेबलाची एक गंमत सुपरवायझरने मला सांगितली: त्यांच्या शेजारी बसलेल्या पोरींच्या कनेक्टरमधून टर्मिनल मागे सरकत नाही. हा आमच्याकडचा जुना आजार आहे. वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवलेलं असतं, ते कनेक्टरच्या खाचेत ढकलायचं. पूर्ण आत गेलं की आतली बारीक जीभ त्याला अडकवते. अर्धवट गेलं तरी टेस्टिंग बोर्डावर दिवा लागतो, कारण धातूला धातू टेकलेला असतो. मग गाडी रस्त्यावर येते, खड्डे खाते, आणि सहा महिन्यांनी कुणाचा तरी हॉर्न बंद पडतो. यावर उपाय जगभर एकच शिकवतात, पुश-क्लिक-पुल: ढकला, 'टक' आवाज ऐका, हलकेच मागे ओढून बघा. माझ्या पीपीटीत तो स्लाइड २६ वर आहे, ॲनिमेशनसकट. परीक्षेत सगळ्या पोरी ते बरोबर लिहितात. दुसरी पायरी पास.

सरांनी जपानच्या ब्रेड मशीनची गोष्ट सांगितली होती. ८० च्या दशकात ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीचं मशीन पीठ नीट मळत नव्हतं. वरून पाव करपायचा, आत कच्चा राहायचा. पिठाचे एक्स-रे काढूनही उलगडा होईना. शेवटी इकुको तानाका या त्यांच्या सॉफ्टवेअर करणाऱ्या बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली मळायला शिकल्या, आणि त्यांना दिसलं की तो पीठ ओढता ओढता पिळतो. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आपण तसं करतो हे त्यालाही सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. मशीनच्या आत खाचा-उंचवटे दिले आणि पाव जमला.

तर मी वही घेऊन काकूंच्या शेजारी स्टुलावर बसले. दोन दिवस. पहिल्या दिवशी मला काही दिसलं नाही. काकू टर्मिनल ढकलतात, ओढतात, पुढचं घेतात. स्लाइड २६ सारखंच. दुसऱ्या दिवशी वही ठेवली आणि कनेक्टर हातात घेतला. ढकलला, कान दिले. मागे कॉम्प्रेसर, वर पंखे, शेजारी टेपिंगवाल्या बायकांचं हसणं. आवाज कुठला येतो?

"ऐकू येईना काकू."

"कानानं ऐकताय व्हय, मॅडम?" काकू म्हणाल्या. "हितं कानाला काय ऐकू येतंय? ह्या बोटानं ऐकायचं." त्यांनी माझ्या डाव्या हाताची तर्जनी धरून कनेक्टरच्या पाठीवर, नेमकी खाचेच्या वर टेकवली. "आता ढकला."

ढकललं. बोटाखाली एक बारीकसा धक्का लागला, डास बसून उडावा तेवढा. पुन्हा केलं. पुन्हा तेवढाच. स्लाइड २६ च्या फोटोत डावा हात कनेक्टरच्या कडेला धरलेला आहे. फोटोग्राफरला तसं बरं दिसलं असणार.

आमच्या डोजोच्या, म्हणजे सरावाच्या खोलीच्या भिंतीवर चार पायऱ्यांचा तक्ता आहे: शिकणाऱ्याला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, पाठपुरावा करा. खोलीचं नाव जपानी म्हणून आम्ही सगळे तक्ताही जपानी समजत होतो. पुस्तकात निघालं भलतंच. चार्ल्स ॲलन नावाच्या अमेरिकन माणसाने पहिल्या महायुद्धात, जहाजं बांधायला नवखे कामगार घाईने तयार करायचे होते म्हणून ही पद्धत बसवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ती कारखान्या-कारखान्यांत पसरवली आणि युद्धानंतर जपानला नेली. तिथून ती चाकणला आली, किमोनो घालून. त्या काळातल्या कार्डावर एक वाक्य असायचं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. आमच्या तक्त्यावर हे वाक्य नाही. त्या जागी लोगो आहे.

प्रोजेक्टसाठी मी बारा जणींची एक बॅच वेगळ्या पद्धतीने घेतली. व्हिजन-मिशन रद्द. पहिले दोन दिवस त्या थेट शेवटच्या टेबलाशी, तपासणी करणाऱ्यांच्या शेजारी. तपासायचं नाही, तो अधिकार त्यांना नाही. नुसतं बघायचं, टेपचे लोंबणारे शेपूट कापायचे, क्लिपा लावायच्या, आणि नापास झालेले हार्नेस उघडून कुठे चुकलं ते शोधायचं. म्हणजे आमची काजं-बटणं. तिसऱ्या दिवसापासून काकूंच्या शेजारी, एका वेळी दोघी. सुपरवायझर वैतागला. "मॅडम, माझं आउटपुट बसतं." काकूही पहिल्यांदा कुरकुरल्या, त्यांचं स्वतःचं टार्गेट कमी करून घ्यायला मला प्लँट हेडपर्यंत जावं लागलं. ते कसंबसं एका आठवड्यापुरतं मिळालं.

फरक पडला का? त्या बॅचचे मागे सरकलेले टर्मिनल कमी होते. पण त्या महिन्यात ऑर्डरही कमी होती, लाइन सावकाश चालत होती, आणि आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे हे पोरींना माहीत होतं. गाइडने माझ्या कच्च्या प्रतीवर समासात लिहिलं, 'कंट्रोल ग्रुप?', म्हणजे तुलनेला जुन्या पद्धतीने शिकलेली बॅच कुठे? बरोबर होतं त्यांचं. मी मर्यादांचं प्रकरण मोठं केलं, निष्कर्षाचं लहान. त्या बारांपैकी सात जणींना नंतर ब्रेक मिळाला. त्यांची बोटं आता कुठल्या कंपनीत ऐकत असतील, हे बेकरच्या गणितात बसतं. माझ्या प्रोजेक्टमध्ये बसलं नाही.

बाबा आता आमच्याकडे मोशीला असतात. दुकान रेडीमेडने केव्हाच गिळलं. मी त्यांना लेव्हबाईंची गोष्ट सांगितली. लायबेरिया कुठे आलं, तिथे उकाडा किती, सगळं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे त्ये पण कटिंग शेवटी देतात?" हो म्हटलं. "लबाड असत्यात," बाबा म्हणाले, आणि बराच वेळ आपल्याशी हसत होते.

ऑडिट मार्चमध्ये झालं. त्या बॅचच्या नोंदीत 'प्रशिक्षकाचे नाव' या रकान्यात मी काकूंचं नाव लिहिलं होतं, आणि त्यांनी पुढे सही केली होती, सावकाश, आडनावासकट. ऑडिटरने फाइल उलटीपालटी केली. स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं त्या तक्त्यात, काकूंचं वर्तुळ पूर्ण भरलेलं होतं, ते त्याला पटलं. मग त्याने विचारलं, "यांचं ट्रेनर क्वालिफिकेशन?" माझ्याकडे काहीच नव्हतं. त्याने नोंद केली: प्रशिक्षकाच्या पात्रतेचा पुरावा उपलब्ध नाही. तीस दिवसांत पूर्तता करा.

पूर्ततेचा मार्ग आमच्या पद्धतीत एकच. 'ट्रेन द ट्रेनर', एक दिवस, कॉन्फरन्स रूममध्ये, प्रशिक्षक मी. काकू बारीक काठाची चांगली साडी नेसून आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, आणि माझ्या चाळीस स्लाइड त्यांनी मान हलवत बघितल्या. त्रिकोण मी काढून टाकला होता. पुश-क्लिक-पुल होता, त्या स्लाइडवर त्या माझ्याकडे बघून हसल्या, मीही हसले, आणि पुढचं बटण दाबलं. शेवटी फॉर्म दिला. काकूंनी सगळीकडे ५ ला गोल केला. सूचनेच्या दोन ओळींशी त्या जरा थांबल्या. मग लिहिलं:

'एसी कमी ठेवावा. बोटं आखडतात.'